मोरोनीच्या गावाला

पहिला दिवस : लंडन

नॅशनल गॅलरीत शिरल्यावर टिशियन, बेलिनी, राफाएल अशा थोरांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि थेट शिंप्यापाशी गेले. त्याच्यासाठीच तर मिरजेहून एवढ्या लांब आले होते.

चित्र मोठं नाही. उंची मीटरभर, रुंदी पाऊण मीटर. करड्या भिंतीपुढे एक तरुण उभा आहे. अंगात मोतिया रंगाचं जाकीट, खाली लाल फुगीर चोळणा, कमरेला चामडी पट्टा, बोटात अंगठी. उजव्या हातात भलीमोठी लोखंडी कातर आणि पुढे टेबलावर काळं कापड, त्यावर खडूच्या पांढऱ्या रेघा. कापायला वाकलेला असताना कुणीतरी दारात आलं आणि त्याने मान वर केली, असा तो क्षण. डोळ्यांत ना लाचारी, ना मिजास. आलेल्या माणसाकडे तो नीट बघतो आहे, एवढंच.

मी शाळेत चित्रकला शिकवते. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापुरात शिकत असताना, एका जुन्या पुस्तकात, काळ्यापांढऱ्या छपाईत, तळहाताएवढं. तेव्हा थबकले, कारण आमचं घर शिंप्याचं. माझे वडील, अण्णा, पन्नास वर्षं मिरजेच्या पेठेत बसून कपडे शिवत आले. गिऱ्हाईक दारात आलं की ते अशीच मान वर करायचे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणाला तरी हे दिसलं होतं आणि ते रंगवण्याच्या योग्यतेचं वाटलं होतं. तेव्हापासून या चित्रकाराबद्दल जे मिळेल ते वाचत राहिले.

नाव जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनी. जन्म १५२० नंतरच्या दोनचार वर्षांतला, उत्तर इटलीतल्या बेर्गामोजवळच्या आल्बिनो गावी. वडील फ्रान्चेस्को बांधकामाच्या धंद्यातले. शिक्षण ब्रेशा शहरात मोरेत्तोच्या हाताखाली. इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने त्याचं नावही घेतलेलं नाही, आणि वासारीने ज्यांना गाळलं ते पुढची कैक शतकं मागच्या बाकावर बसले. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम या तिन्ही ठिकाणी न रमता आपल्या डोंगराच्या पायथ्याशी राहिलेल्या माणसाची आठवण कोण ठेवणार?

शिंप्याचं मात्र कौतुक झालं. १६६० मध्ये हे चित्र व्हेनिसमध्ये ग्रिमानी घराण्याकडे होतं आणि बोस्किनी नावाच्या कवीने आपल्या काव्यात त्याची तारीफ केली आहे. १८६२ मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतलं. रंगवलं केव्हा, तर साधारण १५६५ ते १५७० च्या दरम्यान. शिंप्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

भाचीने फोनवर फोटो काढून अण्णांना पाठवला. मिरजेत दुपार उलटून गेली होती. फोन लगेच आला.

"काळं कापड बेततोय गं."

"हो अण्णा."

"काळं लई अवघड. दिव्याखाली काळ्यावर काळा दोरा दिसत नाही, डोळे जातात. म्हणून तर खडू पांढरा. आणि बघ, स्वतः काळं घातलं नाही त्यानं. हे गिऱ्हाइकाचं आहे."

कितीतरी अभ्यासकांनी जे लिहिलंय तेच अण्णांनी फोटो बघून दोन मिनिटांत सांगितलं. त्या काळी गडद काळा रंग महाग पडे आणि काळा पोशाख ही श्रीमंतांची, विशेषतः स्पॅनिश दरबाराकडून आलेली फॅशन होती. शिंपी मोतिया आणि लाल रंगात आहे, पुढ्यातला काळा कुणा सरदाराच्या अंगावर चढणार आहे. अण्णांनी टेपही शोधली. तेव्हा आताच्यासारखी आकड्यांची टेप नव्हती, गिऱ्हाइकाची मापं कागदाच्या किंवा चामड्याच्या पट्टीवर खाचा पाडून ठेवत, हे मी त्यांना सांगितलं. "म्हणजे एका माणसाला एक पट्टी," ते म्हणाले. "माणूस जाडला की पट्टी बदलायची."

त्याच दालनांमध्ये मोरोनीची आणखी चित्रं आहेत. बेर्गामोबाहेर त्याचं इतकं काम एका जागी फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. लाल साटीनच्या झग्यात बसलेली लुचिया आल्बानी. तिचा नवरा फाउस्तिनो आव्होगाद्रो, पूर्ण उंचीचा, चिलखताचे तुकडे पायाशी विखुरलेले, शिरस्त्राण खांबावर ठेवलेलं. त्याच्या डाव्या पायाकडे मी बराच वेळ बघत होते. पाऊल खाली लोंबू नये म्हणून गुडघ्याखालच्या पट्ट्याला बांधून वर ओढून धरलेलं आहे. पैसे देऊन चित्र काढून घेणाऱ्या सरदाराचं हे व्यंग चित्रकाराने लपवलं नाही, आणि त्या सरदाराने ते लपवायला सांगितलं नाही. दोघांनाही त्याची लाज वाटली नसावी.

लुचिया आणि फाउस्तिनो, दोघांची नावं वहीत लिहून घेतली. बेर्गामोत त्यांची पुन्हा गाठ पडणार होती.

दुसरा दिवस : बेर्गामो

स्टॅनस्टेडहून विमानाने दोन तासांत ओरिओ अल सेरिओ. उतरताना आल्प्सच्या पुढच्या डोंगररांगा दिसल्या, माथ्यावर बर्फ. विमानतळावरून बस, मग खालच्या गावातून वरच्या गावात नेणारी दोरीची गाडी. १८८७ पासून ती लोकांना वर नेते आहे.

वरच्या गावाला चित्ता आल्ता म्हणतात. भोवती व्हेनिसच्या राज्याने बांधलेला तट, सहा किलोमीटरहून लांब. काम १५६१ मध्ये सुरू झालं. तटासाठी शेकडो घरं पाडली, जुनं सांत आलेस्सांद्रो कॅथेड्रलसुद्धा पाडलं. मोरोनी चाळिशीच्या आसपास असताना त्याच्या डोळ्यांसमोर हे सगळं घडत होतं. पन्हाळा, विशाळगड बघत वाढलेल्या माणसाला तट नवा नाही, पण संध्याकाळी त्यावर फिरायला आलेली आजोबा-नातवंडं बघून बरं वाटलं.

पोर्ता दिपिन्ता रस्त्यावर पालाझ्झो मोरोनी आहे. हे मोरोनी म्हणजे काउंट घराणं. वाड्यात वरच्या मजल्यावर, रंगवलेल्या छताखाली, मी ज्यासाठी रात्रभर नीट झोपले नव्हते ते चित्र होतं : 'गुलाबी पोशाखातला सरदार'.

जान जेरोलामो ग्रुमेल्ली. वर्ष १५६०, खाली रोमन आकड्यांत लिहिलेलं, सहीसकट. माणूस पूर्ण उंचीचा, पोवळ्याच्या गुलाबी रंगात डोक्यापासून पायापर्यंत, त्यावर चंदेरी भरतकाम. पुस्तकात हा गुलाबी जरा भडक वाटतो. समोर उभं राहिल्यावर कळतं की गुलाबी एक नाहीच. बाहीच्या घडीत तो विटकरी होतो, मांडीवरच्या फुगीर भागात दुधाळ, मोज्यांवर आणखी फिका. मागे पडकी भिंत, भग्न पुतळा, वेल. एका उठावशिल्पात अग्निरथातून स्वर्गात जाणारा एलिया प्रेषित आपलं वस्त्र शिष्याकडे टाकतो आहे. खाली स्पॅनिशमध्ये वाक्य कोरलंय : पहिल्यापेक्षा नंतरचा बरा. त्याचा अर्थ लावताना अभ्यासक थकले नाहीत. काहींना त्यात ग्रुमेल्लीच्या दुसऱ्या लग्नाची चाहूल दिसते, कारण पुढच्याच वर्षी, १५६१ मध्ये, त्याने इसोत्ता ब्रेम्बातीशी लग्न केलं.

आणि इसोत्ता त्याच वाड्यात आहे. तिचं चित्र आधीचं, १५५५ च्या सुमाराचं. खुर्चीत बसलेली, हिरव्या रंगाचा सोनेरी वेलबुट्टीचा झगा, हातात पिसांचा पंखा, खांद्यावर सोन्याच्या मुखवट्याचं मार्टिन नावाच्या प्राण्याचं कातडं. ती कविता करायची, म्हणून तिच्याकडे जरा आपुलकीने बघितलं. पण खरं सांगायचं तर नजर पुन्हा पुन्हा कापडाकडे जात होती. पैठणीचा पदर घडीवर मोडतो तेव्हा जर एका बाजूला चमकते आणि दुसरीकडे मंद होते, कोयरी अर्धीच दिसते, तिचं उरलेलं अंग घडीत जातं. मोरोनीने इथे वेलबुट्टी अशीच मोडली आहे. नक्षी आधी सपाट काढून मग सावली लावली असती तर हे जमलं नसतं. कापड अंगावर कसं बसतं हे ज्याला कळतं त्यालाच ते रंगवता येतं.

इथे राजकारण थोडं सांगायला हवं, कारण चित्रांतला प्रत्येक धागा त्याच्याशी बांधलेला आहे. बेर्गामो १४२८ पासून व्हेनिसच्या ताब्यात. पण शेजारचं मिलान १५३५ पासून स्पेनच्या सम्राटाकडे. शहरातली घराणी वाटली गेली. ब्रेम्बाती, ग्रुमेल्ली यांचा ओढा स्पेनकडे, म्हणून इटालियन सरदाराच्या चित्रात स्पॅनिश वचन. आल्बानी व्हेनिसचे. मोरोनी दोघांचीही चित्रं काढत होता. १५५० ते १५६० च्या काळात या गावात त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं.

संध्याकाळी फोटो पाठवले. अण्णांचं मत ग्रुमेल्लीबद्दल : "मुंढ्याला झोल नाही कुठं. ज्यानं शिवलंय तो माणूस मोठा." ग्रुमेल्लीच्या शिंप्याचा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता.

तिसरा दिवस : आकादेमिया कार्रारा

दिवसभर पाऊस. आकादेमिया कार्रारा हे संग्रहालय काउंट जाकोमो कार्रारा याच्या संग्रहातून उभं राहिलं. तो १७९६ मध्ये वारला आणि सगळं शहरासाठी ठेवून गेला. नंतर १८९१ मध्ये कलातज्ज्ञ जोव्हान्नी मोरेल्ली याचा संग्रहही इथेच आला. चित्रातले कान, नखं, बोटं बघून चित्रकार ओळखायची रीत ज्याने रुजवली तो हा मोरेल्ली.

मोरोनीच्या भिंतीपुढे मी सकाळी आले ती दुपारी उठले. इथे पुन्हा इसोत्ता आहे, या वेळी अर्ध्या उंचीची. बेर्नार्दो स्पिनी आणि त्याची बायको पाचे रिव्होला स्पिनी पूर्ण उंचीचे, शेजारी शेजारी. पूर्ण उंचीचं उभं चित्र हे तोवर राजेरजवाड्यांचं. मोरोनीचा गुरू मोरेत्तो याने १५२६ मध्ये एका साध्या सरदाराला असं उभं रंगवलं, ते चित्रही लंडनच्या गॅलरीत आहे आणि इटलीतलं या प्रकारचं ते सर्वांत जुनं मानलं जातं. शिष्याने गुरूचं हे बियाणं घरी नेऊन पेरलं.

दोन चित्रांपुढे मात्र पाय हलेना. एक 'रेदेत्ती घरची मुलगी', १५७० च्या सुमाराची. वय असेल चार-पाच वर्षं. मोठ्या बाईसारखा जड पोशाख, दागिने, आणि चेहऱ्यावर आता हलायचं नाही असं सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर येतो तो गंभीरपणा. शाळेत वर्गातल्या एखाद्या मुलीला समोर बसवून बाकीच्यांना चित्र काढायला सांगते तेव्हा पाचव्या मिनिटाला ती मुलगी अशीच दिसते. मोरोनीने तिला हसवलं नाही की देवदूत केलं नाही. कष्टाने स्थिर बसलेली मुलगी त्याने रंगवली.

दुसरं, खुर्चीत बसलेला म्हातारा. काळा अंगरखा, फरची कडा, हातात पुस्तक. तो आपल्याकडे बघतो आणि त्या नजरेत थोडा संशय आहे. बोला, काय काम आहे, असं विचारणारी ती नजर. पार्श्वभूमी नुसती करडी. पडदा नाही, खांब नाही, दूरचा डोंगर नाही. तरुणपणी पडक्या भिंती आणि वेली मांडणारा माणूस शेवटी रिकाम्या करड्यावर आला. त्या करड्यातही एका बाजूने उजेड येतो, त्यामुळे भिंत मागे सरकते आणि म्हाताऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. मी वहीत पेन्सिलने तो करडा उतरवायचा प्रयत्न केला. सहा वेळा केला. उजेड कुठे सुरू होतो ते सापडतं, कुठे संपतो ते सापडत नाही.

१९०७ मध्ये बर्नार्ड बेरेन्सन या नामवंत समीक्षकाने मोरोनीला इटलीने घडवलेला एकमेव नुसता व्यक्तिचित्रकार म्हटलं. कौतुक म्हणून नव्हे. पुढ्यात जे आहे त्यापलीकडे याची कल्पना जात नाही, असा रोख होता. हा शेरा पुढे शंभर वर्षं मोरोनीला चिकटला. त्या म्हाताऱ्यापुढे बसून मला तो अन्यायाचा वाटला, आजही वाटतो. जे आहे ते तसंच ठेवायला, त्यात आपली भर न घालायला, हाताला जी शिस्त लागते ती कल्पनेपेक्षा स्वस्त नाही. कोल्हापूरच्या व्यक्तिचित्रणाच्या परंपरेत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. आमचे सर बसलेल्या माणसाकडे तासभर नुसतं बघायला लावत आणि मग ब्रश उचलू देत.

बेर्गामोत टिशियनची एक गोष्ट सांगतात. सतराव्या शतकापासून ती लिहिली जाते आहे. बेर्गामोवर नेमलेले व्हेनिसचे अधिकारी टिशियनकडे चित्र काढून घ्यायला गेले की तो म्हणे, तुमच्याकडे मोरोनी आहे ना, त्याच्याकडून काढून घ्या, तो जसं आहे तसं काढतो. गोष्ट खरी असो वा रचलेली, टिशियनच्या तोंडी ती शोभते.

चौथा दिवस : सान्ता मारिया माज्जोरे

सकाळी वरच्या गावातल्या सान्ता मारिया माज्जोरे चर्चमध्ये गेले. भिंतींवर गालिचे, लाकडात रंगीत लाकूड बसवून केलेली चित्रं. त्यांचे आराखडे लोरेन्झो लोत्तोचे. संगीतकार दोनिझेत्तीची समाधीही इथेच. हे सगळं सुंदर आहे, पण मी आले होते एका खुनाच्या जागी.

१५६३ चा एप्रिल. इथे प्रार्थना चालू असताना आकिले ब्रेम्बातीवर गोळी झाडली गेली. मारेकरी आल्बानीच्या मुलांनी पाठवलेला. दोन घराण्यांचं वैर जुनंच, पण देवळात रक्त सांडल्यावर व्हेनिसने कडक पावलं उचलली. आल्बानी बापलेक हद्दपार झाले. लंडनमध्ये पायाला पट्टा बांधून उभा असलेला फाउस्तिनो आव्होगाद्रो हा आल्बानींचा जावई. त्याचंही नाव या प्रकरणात आलं. तो फेरारात पळून गेला आणि १५६४ मध्ये तिथेच वारला. थोरला आल्बानी, जोव्हान्नी जेरोलामो, मात्र पुढे १५७० मध्ये कार्डिनल झाला.

बाकावर बसून वहीतली नावं पुन्हा वाचली. आकिले ब्रेम्बाती इसोत्ताच्या घराण्यातला. मारेकरी पाठवणाऱ्या आल्बानी भावांची बहीण लुचिया, लाल साटीनमधली. म्हणजे गेल्या तीन दिवसांत ज्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिले ती माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती, आणि मोरोनीने सगळ्यांना एकाच उजेडात बसवलं. कुणाचा चेहरा दुष्ट केला नाही.

त्याच सुमारास मोरोनी शहर सोडून आल्बिनोला परतला. परतण्याआधीच खटके उडत होते, खुनानंतर तर मोठ्या गिऱ्हाइकांची घरंच मोडली. काही अभ्यासकांना त्याचं परतणं ही पीछेहाट वाटते. मी मात्र तारखा बोटांवर मोजल्या : शिंपी, म्हातारा, रेदेत्तींची मुलगी, सगळी चित्रं या परतण्यानंतरची.

दुपारी पियाझ्झा व्हेक्कियाच्या कडेला असलेल्या आंजेलो माई ग्रंथालयात बसले. बेर्गामोच्या चित्रकारांची चरित्रं फ्रान्चेस्को मारिया तास्सीने लिहिली आणि ती १७९३ मध्ये छापली गेली. मला इटालियन मोडकंतोडकं येतं, फोनमधल्या भाषांतराचा आधार. पण जुन्या कागदावर त्याचं नाव छापलेलं बघितलं, त्यावरून बोट फिरवायचा मोह आवरला.

पाचवा दिवस : आल्बिनो

बेर्गामोच्या स्टेशनजवळून ट्राम सुटते ती सेरिआना खोऱ्यात जुन्या रेल्वेच्या वाटेने शिरते. अर्ध्या तासात शेवटचं स्टेशन, आल्बिनो. वाटेत गाव संपतं कुठे आणि पुढचं सुरू होतं कुठे ते कळत नाही. घरं, कारखान्यांच्या भिंती, मधूनच सेरिओ नदी, दोन्हीकडे हिरवे डोंगर.

हे खोरं कापडाचं. लोकरीचा धंदा इथे मोरोनीच्याही आधीपासून होता. वरच्या अंगाच्या गांदिनोचं लोकरी कापड लांबवर जाई. नंतरच्या काळात सूतगिरण्या आल्या, आल्बिनोतही मोठी गिरणी होती. इचलकरंजीच्या रस्त्याने जाताना बंद मागांचे जे शेड दिसतात, तशाच भिंती इथे पाहिल्या आणि पोटात काहीतरी हललं. मोरोनी कापड इतकं चांगलं का रंगवतो याचं उत्तर मला पुस्तकांत मिळालं नव्हतं. ट्रामच्या खिडकीतून मिळाल्यासारखं वाटलं. ज्या गावात नदीकाठी लोकर धुतली जाते, वाळते, रंगते, तिथल्या मुलाला कापडाचा उभा-आडवा धागा शिकवावा लागत नाही.

सान जुलियानो चर्च दुपारी मिटलेलं होतं. चार वाजेपर्यंत वेळ होता. एका छोट्या खानावळीत 'स्कार्पिनोक' खाल्ले. याच खोऱ्यातल्या पार्रे गावचा हा पदार्थ. पिठाच्या पारीत चीज आणि मसाल्याचं सारण, मांस अजिबात नाही, वर वितळलेलं लोणी आणि सेजची पानं. आकार छोट्या जोड्यासारखा, नावही त्यावरूनच. पारी मुडपायची रीत बघून आईच्या करंज्या आठवल्या. खानावळीतल्या आजींना मी खुणेने मुरड घालून दाखवली, त्यांनी त्यांची दाखवली.

चार वाजता दार उघडलं. आत गार अंधार. मोरोनीने काढलेला क्रूसावरचा ख्रिस्त, दोन्ही बाजूंना संत बेर्नार्दिनो आणि पादुआचा संत अंतोनी. त्याची धार्मिक चित्रं त्याच्या व्यक्तिचित्रांच्या तोडीची नाहीत असं सगळे लिहितात, आणि तेवढं मान्य करावं लागतं. रचना गुरूची, मोरेत्तोची. पण त्या दोन साधूंच्या अंगावरचा जाडाभरडा करडा कपडा बघा. तो खरबरीत आहे हे हात न लावता कळतं.

एक बाई फुलं बदलायला आल्या. मी भारतातून मोरोनीसाठी आले आहे हे त्यांना कसंबसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, खांबामागे गेल्या आणि चित्रावरचा दिवा लावून आल्या.

याच गावात लुक्रेझिया आल्यार्दी व्हेर्तोव्हा या विधवेने सांत आन्ना नावाचा मठ स्थापला. मोरोनीने तिचं काढलेलं चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, त्यावर १५५७ हे साल आहे. मी ते छापील बघितलंय. म्हातारी बाई, गळ्यावर गाठ, चेहऱ्यावर सुरकुत्या, पुढे उघडं प्रार्थनापुस्तक. गळ्याची गाठ त्याने झाकली नाही. फाउस्तिनोचा पाय, लुक्रेझियाचा गळा. सरदार असो की जोगीण, त्याचा नेम एकच.

परतीच्या ट्रामची वाट बघत नदीकाठी बसले. अण्णांना फोन लावला आणि त्यांना सेरिओचं पाणी ऐकवलं.

सहावा दिवस : रोमानो दि लोम्बार्दिया

ब्रेशाला जायचं ठरलं होतं, मोरेत्तोसाठी. सकाळी उठल्यावर बेत बदलला. गुरूला पुन्हा कधी तरी भेटेन, शिष्याचं आणखी एक काम बघायचं राहिलंय. खालच्या सपाटीवरच्या रोमानो गावाची गाडी पकडली.

गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मोरोनीचं 'शेवटचं भोजन' आहे, १५६० नंतरच्या दशकातलं. लांब टेबल, पांढरी चादर, ख्रिस्त आणि शिष्य, सगळे ठरावीक. आणि त्यांच्या मागे उभा एक माणूस, मोरोनीच्या काळच्या कपड्यांत. तो कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. तो आपल्याकडे बघतो. हा त्या गावचा धर्मगुरू. त्या एका चेहऱ्यापाशी येऊन चित्र जिवंत होतं, बाकीचे तेरा जण कथेतले राहतात. मला वाटतं मोरोनीलाही ते माहीत होतं. बायबलमधली माणसं त्याने कधी पाहिली नव्हती. या माणसाला पाहिलं होतं.

या खेपेला त्रेन्तोला जाता आलं नाही. तिथे १५४८ आणि १५५१ मध्ये तो राहिला होता, कॅथलिक चर्चची मोठी परिषद भरलेली असताना. तिथल्या मादरुत्सो घराण्यातल्या कार्डिनलला टिशियनने रंगवलं आणि त्याच्या पुतण्यांना मोरोनीने. आता कार्डिनल ब्राझीलमधल्या साओ पावलोत, एक पुतण्या शिकागोत, दुसरा वॉशिंग्टनमध्ये. घर मोडल्यावर भांडीकुंडी वाटली जातात तशी ही चित्रं जगभर गेली आहेत.

मोरोनीचं शेवटचं काम बेर्गामोजवळच्या गोर्लागो गावातलं, 'अंतिम निवाडा'. ते चालू असतानाच १५७० च्या दशकाच्या शेवटी तो गेला आणि ते दुसऱ्याने पुरं केलं. आयुष्यभर एकेका माणसाला समोर बसवून बघणाऱ्याच्या वाट्याला शेवटी अख्ख्या मानवजातीची गर्दी आली.

संध्याकाळी बेर्गामोत कापडाच्या दुकानात गेले. काळं लोकरी कापड घेतलं, तीन मीटर. दुकानदाराने ते काउंटरवर पसरलं आणि मी नकळत अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चोळून बघितलं. लहानपणापासून बघत आले ती ही सवय, माझ्यात उतरल्याचं पहिल्यांदा कळलं. त्याने मला विचारलं, शिवणकाम करता का? मी म्हटलं, वडील करतात.

आठ दिवसांनंतर : मिरज

अण्णा आता दुकानात फारसे बसत नाहीत, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून भाऊच बघतो. पण मशीन त्यांनी हलवू दिलेलं नाही. शिंप्याचं छापील चित्र त्यांच्या हातात दिलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"विशीतला असेल नाही?"

"असेल."

"हात बघ. कातर त्याच्या सवयीची आहे."

मग कापड काढलं. त्यांनी ते उलगडलं, सरळ बाजू कोणती ते एका नजरेत ठरवलं, झटकलं आणि टेबलावर अंथरून तळव्याने सपाट केलं. उजेड पुरेना म्हणून भावाला दार पुरतं उघडायला सांगितलं. ड्रॉवरमधून खडू काढला, नखाने त्याची कड धारदार केली आणि काळ्यावर एक रेघ मारली, कडेपासून दोन बोटं आत. कातर हातात घेतली.

कापायच्या आधी त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"उभी का तू? माप दे की."